वल्हं भिंतीकडे

४ मार्च

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद. फोनवर तू मध्येच बोलतोस आणि मी मध्येच चिडते, म्हणून हे पत्र. शिवाय तुझ्याकडून काम करून घ्यायचंय, आणि काम सांगताना समोरच्याचं तोंड बंद असलेलं बरं.

गेल्या मोसमाच्या शेवटी आमच्या होडीघरात काय झालं ते तुला अर्धवट माहीत आहे. आमच्या क्लबातला एक सतरा वर्षांचा मुलगा मित्राकडे पिऊन सकाळी थेट सरावाला आला. सरळ उभा राहिला, नीट बोलला, होडीत बसला आणि वळणावर तोल जाऊन पाण्यात पडला. पाणी असं गार की हात घातला तर बोटं वळत नव्हती. बाहेर काढला, वाचला, आज ठणठणीत आहे आणि मला बघून वाट बदलतो. पण त्याला धक्क्यावर आडवा करून पाठ चोळत होते ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही. इतकी वर्षं मुलांना वल्हवायला शिकवतेय, एकही पोर गमावलं नाही. गमावणारही नाही.

तर आता क्लबाला नियम हवाय. आमचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. त्यांना फाटकाशी फुंकर मारायचं यंत्र बसवायचंय. यंत्रात सापडला तो कायमचा बाहेर. मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, ही पोरं आहेत, किडलेली दाढ नाही उपटून टाकायला. ते फुगून बसले. मग कार्यकारिणीनं मसुदा माझ्याच गळ्यात मारला.

मी लिहिलाय, आणि कडक लिहिलाय. पिऊन आलेला सापडला तर वर्षभर बाहेर, त्याच्या होडीतले बाकीचे महिनाभर जमिनीवर. सोबत जोडलाय. तू इतकी वर्षं हॉटेलातला बार सांभाळतोयस. वाच आणि कुठे फट राहिलीय ते सांग.

तुझी लेक मजेत आहे. तुमच्याकडे नदी नाही म्हणून खारूला माझ्याकडे पाठवलीस ते बरं केलंस. मुलींच्या चौघींच्या होडीत मी तिला लय लावणारीच्या जागेवर बसवलंय. तुला कळेल असं सांगते: वल्हवणारे जातात पुढे, पण बसतात मागे तोंड करून. खारू सगळ्यांत मागे बसते, बाकीच्या तिघी तिची पाठ बघून वल्हं ओढतात. मी मोटरबोटीतून त्यांच्या मागोमाग असते, त्यामुळे दिवसभर मला तुझ्या पोरीचंच तोंड दिसतं. तुझंच नाक आहे, बिचारी. सप्टेंबरच्या शर्यतीत पहिल्या तिघांत आल्या तर चौघींना मोठ्या शिबिराचं बोलावणं येईल. खारूला दुसरं काही सुचत नाही. जेवतानासुद्धा खांदे हलवते.

तुझी,
ताई

१५ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. तुझा मसुदा काउंटरवर पसरून वाचत होतो. आमचा स्वयंपाकी मागून डोकावला आणि म्हणाला, "साहेब, हे कुठल्या तुरुंगाचे नियम?" मी म्हटलं, "माझ्या बहिणीच्या."

रागावू नकोस. पण हा नियम जन्मात कुणाला ग्लास भरून न दिलेल्या बाईनं लिहिलाय. तो पोरगा सरळ उभा राहिला, नीट बोलला, असं तूच लिहितेस. म्हणजे अंगात होती नव्हती तेवढी सगळी ताकद त्यानं लपवण्यात घातली. सापडलो तर काय, या भीतीनं. तू ती भीती दुप्पट करायला निघालीस, वर होडीतल्यांनाही शिक्षा लावलीस. आजपर्यंत एकटा लपवत होता, आता चौघं मिळून लपवतील. यंत्राचं तर नावच काढू नकोस. त्याला चकवायच्या युक्त्या माझी गिऱ्हाइकं मला फुकट शिकवतात.

माझ्या बारमध्ये काय आहे ते ऐक. आत आलं की डाव्या हाताला एक फळी आहे, तिला आकडे. गाडी घेऊन आलेला माणूस पहिला ग्लास मागायच्या आधी स्वतःच्या हातानं किल्ली आकड्याला लावतो. सकाळी येतो, घेऊन जातो. मी कुणाला किल्ली मागत नाही आणि सकाळी कुणाला "काल काय झालं?" असं विचारत नाही. सुरुवातीला सगळे हसले. फळी कित्येक दिवस रिकामी. मग एक दिवस आमच्याकडच्या सगळ्यांत मोठ्या कंत्राटदारानं किल्ली लावली, आणि दुसऱ्या दिवसापासून न लावणाऱ्यालाच लाज वाटायला लागली.

तुझ्या पोरांना तोंड न उघडता "आज मी नाही" म्हणायची सोय करून दे. म्हणणाऱ्याला काही विचारू नकोस. ज्याला सोय असूनही लपवून पाण्यावर जायचंय त्याला मग खुशाल हाकल.

आणखी दोन गोष्टी. नियम तुला आणि त्या दातवाल्यालाही लागू कर, नाहीतर पोरं पाठीमागे हसतील. आणि त्यात नुसती दारू लिहू नकोस. गुंगी काही फक्त बाटलीतून येत नाही. सर्दीच्या एका गोळीवर काउंटरवर डोकं टेकून घोरणारे मी हलवून उठवलेत.

खारूला सांग, सप्टेंबरात तिचा बाप येणार. या वेळी सुट्टी नाही मिळाली तर बारला टाळं लावून येतो.

धाकटा

२ एप्रिल

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र वाचून आधी दोन दिवस मी तुला मनात शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी होडीघरात वल्ही पुसत होते आणि तुझी ती फळी डोक्यातून जाईना. वल्ही भिंतीवर ओळीनं टांगलेली असतात, प्रत्येकाचं आपलं एक. पात्याच्या एका बाजूला ज्याचा त्याचा रंग, दुसरी बाजू कोरी.

तर आता आमचा नियम असा. रंग बाहेर म्हणजे मी तयार. अंगात दारू किंवा गुंगी आणणारं काहीही असेल त्यानं सरावाआधी आपलं वल्हं उलटं टांगायचं, रंग भिंतीकडे. त्याला कुणी, म्हणजे कुणीही, कारण विचारायचं नाही. दुसऱ्याच्या वल्ह्याला हात लावायचा नाही. आणि रंग बाहेर ठेवून जो तसाच पाण्यावर गेला, तो मोसमभर बाहेर. मोटरबोट चालवणाऱ्यांनाही हेच, म्हणजे मला आणि डॉक्टरांनाही. आमचीही वल्ही टांगली. गोळ्यांचं तुझं वाक्य मी ठळक अक्षरात घातलं आणि सभेत माझंच म्हणून वाचलं.

डॉक्टर म्हणाले, "ही तर दांडी मारायची सोय झाली." त्यात तथ्य निघालं. पहिल्याच गार सकाळी पाच वल्ही भिंतीकडे! पाचही जण पांघरुणातून उठून आल्यासारखे, कुणी प्यालेलं नव्हतं की काही नाही, नुसता आळस. मी प्रत्येकाच्या हातात खरवडणी दिली आणि धक्क्यावरचं शेवाळ दाखवलं. वल्हं भिंतीकडे असेल त्यानं धक्का खरवडायचा, हे त्या दिवसापासून नियमात आलं. दुसऱ्या दिवशी पाचही रंग बाहेर.

कार्यकारिणीनं मला सप्टेंबरच्या शर्यतीपर्यंत मुदत दिलीय. तोवर एक जरी गडबड झाली तर डॉक्टरांचं यंत्र येणार आणि बहुतेक मी जाणार. होऊ दे. मला माझ्या पोरांची खात्री आहे.

खारूनं आपल्या पात्यावर खारीची शेपटी रंगवलीय. लांबून केरसुणी वाटते, पण मी बोलले नाही.

मे महिन्यात माझ्या उजव्या खांद्याचं लहानसं ऑपरेशन आहे. फार काही नाही. ओरडायला खांदा लागत नाही.

ताई

२० मे

ती. ताईस,

काय म्हणतेस! शेवाळाची कल्पना माझ्या डोक्यात आली नसती. मीही आता किल्ली विसरणाऱ्याला ग्लास धुवायला लावावं म्हणतो. तुझी भिंत मी इथे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असतो, आणि मूळ कल्पना कुणाची तेही सांगायला विसरत नाही.

खांदा कसा आहे? खरं सांग. तुझी भावजय रोज विचारते आणि मी रोज काहीतरी ठोकून देतो.

आणि एक सहज विचारतो. खारूचं वल्हं कधी फिरलं का गं?

धाकटा

११ जून

प्रिय धाकट्या,

सहज विचारतोस, आणि पत्राच्या शेवटी एकट्याच ओळीत विचारतोस. कुणाचं वल्हं कधी फिरलं ते मी सांगत नाही. तू बाप असलास तरी नाही. नियम तूच शिकवलास.

पण नियम चाललाय. एक उंच मुलगी आहे, नाव नाही सांगत, तिचं वल्हं एकदा भिंतीकडे दिसलं. मी खरवडणी दिली, तिनं मुकाट्यानं काम केलं. आठवडा गेला. मग ती आपण होऊन माझ्याकडे आली आणि घरातलं सगळं बोलली. विचारलं असतं तर मेली तरी बोलली नसती. डॉक्टरसुद्धा परवा म्हणाले, "बाई, बरं चाललंय म्हणायचं." त्यांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे दात काढून घेण्यासारखंच.

पालकांच्या दिवशी एक बाप तोंडाला दारूचा वास घेऊन आला आणि म्हणाला, मलाही होडीत बसवा. त्याच्याच मुलानं त्याला भिंतीपाशी नेलं, एक जुनं वल्हं उलटं टांगलं आणि खरवडणी हातात दिली. बाप हसला, आणि मग खरंच खरवडत बसला.

खांदा खांद्याच्या जागी आहे. भावजयीला माझे आशीर्वाद. हल्ली जेवल्यावर खुर्चीतच डोळा लागतो, एवढंच. वय झालं तुझ्या बहिणीचं.

ताई

९ ऑगस्ट

ताई,

नमस्कार-बिमस्कार नंतर.

तुमचे दातांचे डॉक्टर त्यांच्या परिषदेसाठी आमच्याकडे आले होते, आमच्याच हॉटेलात उतरले. चांगला माणूस आहे. मी त्यांना खारूबद्दल कौतुकानं विचारलं, तर ग्लास खाली ठेवून म्हणाले, "तुम्हाला माहीत नाही? तुमच्या मुलीचं वल्हं सारखं भिंतीकडे आहे. होडी पाण्यात उतरतच नाही." त्यांना वाटलं तू मला कळवलं असशील. मलाही वाटलं असतं.

काय घेतेय ती? कुणाबरोबर? कुठून आणते? तुझ्या घरात राहते, तुझ्या ताटाशेजारी जेवते, आणि तू मला केरसुणीच्या शेपटीच्या गमती लिहितेस! आत्ता जाऊन तिला समोर बसव आणि विचार. मी फोन केला तर "मी बरी आहे, बाबा" म्हणून ठेवून दिला. तिची आई रडतेय.

आणि नियमाबद्दल मला शिकवू नकोस. ते सगळं मी लोकांच्या पोरांसाठी लिहिलं होतं. ही माझी आहे. तू विचारणार नसशील तर मी येऊन तिला घेऊन जातो. खड्ड्यात गेली शर्यत.

धाकटा

१६ ऑगस्ट

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा चिडले, दुसऱ्यांदा तुझी दया आली, तिसऱ्यांदा पटलं की मी तुझ्या जागी असते तर याहून वाईट शब्द वापरले असते.

तरी मी विचारणार नाही.

तुला कळवलं नाही कारण कळवणं हेही विचारण्यासारखंच आहे. डॉक्टरांनी बोलायला नको होतं. ते मी त्यांना सांगितलंय, आणि ज्या आवाजात सांगितलंय तो धक्क्यापर्यंत ऐकू गेला असं मुलं म्हणतात.

आता मला दिसतं ते सांगते. खारू रोज सगळ्यांच्या आधी होडीघरात येते. आपलं वल्हं उलटं टांगते, खरवडणी घेते आणि कामाला लागते. अर्धा धक्का तिनं एकटीनं लख्ख केलाय. तिच्यावाचून चौघींची होडी निघत नाही, त्यामुळे बाकीच्या तिघी तिच्याशी बोलणं टाकून बसल्यात. घरी नीट जेवते, अभ्यास करते, माझ्या औषधाचं पाणी आणून ठेवते. डोळे स्वच्छ, हात स्थिर. धाकट्या, मी काही आंधळी नाही, मला त्या पोरीत काही दिसत नाही. आणि तरी वल्हं रोज भिंतीकडे. काय आहे ते मलाही कळत नाही, आणि न कळण्याची मला सवय नाही. तिच्या खोलीच्या दारापर्यंत जाते आणि परत येते.

एक सप्टेंबरला मला शर्यतीची नावं कळवायची आहेत. तोवर तिचा रंग बाहेर आला नाही तर होडी जाणार नाही, शिबिर नाही, काही नाही. हे तिला माहीत आहे. तरी ती टांगते. म्हणजे तिच्यापाशी काहीतरी आहे जे तिला शर्यतीहून मोठं वाटतं. ते दारू आहे असं तू ठरवून टाकलंस. मी अजून ठरवलेलं नाही.

तुझ्या फळीवर तू आजवर कुणाला विचारलंस का? मग आता मला का सांगतोस? येऊन न्यायचीच असेल तर ये. पण आलास तर धक्क्यावर तिच्याशेजारी बसून आधी तासभर शेवाळ खरवड, मग बोल.

तुझी,
ताई

२३ ऑगस्ट

प्रिय बाबा,

तुम्ही फोनवर ओरडलात म्हणून ठेवला. आई रडत होती ते ऐकू आलं. मी काही घेत नाही. कधी घेतलं नाही. एकदा तुमच्या काउंटरवरचा फेस चाटला होता, ते तुम्हाला माहीत आहे.

मी हे तुम्हालाच सांगतेय, कारण तुम्ही लांब आहात. जुलैत आत्याचा खांदा फार दुखायला लागला म्हणून खांद्याच्या डॉक्टरांनी तिची गोळी बदलली. ही नवी गोळी जोरदार आहे. आधी आत्या नुसती जेवल्यावर पेंगायची, ही घेतल्यापासून दिवसभर पेंगते. घरी पेंगते त्याचं काही नाही. पण आमच्या मागे मोटरबोट चालवताना पेंगते. बाकीच्या तिघींना माझ्यामुळे मागचं नीट दिसत नाही. मला दिसतं. मी तिच्याकडे तोंड करूनच बसलेली असते.

एकदा वळणावर तिचे डोळे मिटले आणि मोटरबोट सरळ आमच्या अंगावर यायला लागली. मी जोरात ओरडले. आत्या दचकून जागी झाली, हात फिरवला, आणि उलट मलाच रागावली, "लय सोडून ओरडतेस काय!" बाबा, तिला कळलंच नाही. तिला वाटतं तिनं क्षणभर खाली बघितलं.

मी घरी विचारून बघितलं, "आत्या, गोळीनं झोप येते का गं?" तर म्हणाली, "मला? झोप? तू तुझ्या गुडघ्यांकडे लक्ष दे." तुम्हाला माहीत आहे ना ती. अध्यक्षांना सांगितलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी यंत्र आणलं असतं आणि आत्याला काढलं असतं. तिनं रंग बाहेर ठेवलाय ना, म्हणजे नियमानं ती मोसमभर बाहेर. आणि तिला तर माहीतच नाही की ती नियम मोडतेय. तिला नशा म्हणजे आमच्यासारख्या पोरांची वाटते. डॉक्टरनं दिलेलं ते औषध.

दुसऱ्याच्या वल्ह्याला हात लावायचा नाही, असाही नियम आहे. मग मी माझंच फिरवलं. माझं भिंतीकडे, की आमची होडी जमिनीवर. आमची होडी जमिनीवर, की आत्याची मोटरबोट बांधलेली. मुलांच्या होड्यांमागे अध्यक्ष असतात. एवढंच मला सुचलं. दुसरं काही सुचत असेल तर तुम्ही सांगा.

तिघी माझ्याशी बोलत नाहीत ते मला आवडत नाही. शर्यत जाईल तेही नाही आवडत. पण पाणी काय करू शकतं ते मला, तो मुलगा पडला तेव्हापासून माहीत आहे.

आत्याला सांगू नका मी सांगितलं म्हणून. तिला फार वाईट वाटेल.

खारू

२७ ऑगस्ट

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. या खेपेला मनापासून.

मागच्या पत्रात मी जे लिहिलं ते सगळं गिळतो. खारूला न्यायला मी येणार नाही. तिला न विचारता तू बरोबर वागलीस. मी चुकलो, आणि हे लेखी देतोय, जपून ठेव, पुन्हा मिळणार नाही.

पण मी तुला एक विचारतो. तू रोज खारूच्या वल्ह्याकडे बघतेस. ताई, तुझं स्वतःचं वल्हं कुठल्या बाजूला आहे?

लगेच उत्तर देऊ नकोस. आधी घरी जा, खांद्याच्या गोळ्यांचं पाकीट काढ, चष्मा लाव आणि त्यावर औषधवाल्यानं काय चिकटवलंय ते वाच. मग मार्चमधलं माझं पत्र काढ. त्यातलं गोळ्यांचं वाक्य तू ठळक अक्षरात घातलंस आणि स्वतःचं म्हणून वाचलंस, असं तूच कळवलंयस. आता ते तुझंच आहे.

बाकी तू शहाणी आहेस. मला काही सांगायची गरज नाही, आणि मी काही सांगितलेलंही नाही.

धाकटा

२ सप्टेंबर

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र मी होडीघरात उभ्यानं फोडलं. वाचून झालं आणि भिंतीकडे बघितलं. माझं वल्हं, रंग बाहेर, चकचकीत. त्याच्या शेजारी खारूचं, कोरी बाजू बाहेर.

मग घरी जाऊन पाकीट बघितलं. लाल चिठ्ठी चिकटवलेली आहे. गुंगी येते, वाहन किंवा यंत्र चालवू नये. रोज दोनदा मी त्या चिठ्ठीवर अंगठा ठेवून गोळी बाहेर ढकलते आणि एकदाही वाचली नाही. औषधाचं काय वाचायचं, डॉक्टरनं दिलंय! पोरांच्या खिशात काय असेल याचा विचार करत बसले आणि माझ्या पर्समध्ये काय आहे ते बघितलं नाही.

आणि मग मला वळणावरची ती आरोळी आठवली. मी तिला रागावले होते. पोरीनं तोंडातून शब्द काढला नाही. लोकांनी तिला दारुडी ठरवली, मैत्रिणींनी टाकली, बापानं शिव्या घातल्या, आणि ती रोज सकाळी येऊन शेवाळ खरवडत राहिली, का, तर आत्यानं मोटरबोट सुरू करू नये म्हणून. धाकट्या, मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून रडले. माझ्या आयुष्यात माझी एवढी काळजी कुणी घेतली नाही, आणि मला पत्ताही लागू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी गेले. माझं वल्हं काढलं, उलटं टांगलं. एका हातानं जमेना, खांदा ओरडत होता, पण दुसऱ्याच्या वल्ह्याला हात लावायचा नाही, मग माझ्याला कोण लावणार? खारू आली. दारातच थांबली. भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी खरवडणी घेऊन धक्क्याकडे निघाले होते. मागून फक्त तिचं वल्हं आकड्यावरून काढल्याचा आवाज आला, आणि मग परत टांगल्याचा. वळून बघितलं तर केरसुणी बाहेर.

मुलं आली तर मी धक्क्यावर बसलेली. कुणी विचारलं नाही. माझीच शिकवण, आणि मला जरा राग आला, खरं सांगते. निदान एकानं तरी विचारायचं! कार्यकारिणीपुढे मात्र मी स्वतः उभी राहिले आणि सगळं सांगितलं: किती दिवस रंग बाहेर ठेवून पाण्यावर गेले ते, आणि नियमानं माझा मोसम संपला तेही. डॉक्टर म्हणाले, "बाई, यंत्रात फुंकर मारली असती तर तुम्ही पास झाला असता." आणि यंत्राचा विषय त्यांनी स्वतःच मागे घेतला. माणूस वाईट नाही.

तर आता चौघींच्या मागे डॉक्टर मोटरबोट चालवतात. मी काठावरून भोंग्यातून ओरडते. तिघी खारूपाशी गेल्या होत्या, काय बोलल्या माहीत नाही, चौघींचे डोळे लाल होते आणि हसत होत्या. नावं कळवली. फार सराव बुडालाय, पण खारू म्हणते येऊ. मीही म्हणते येऊ.

शर्यतीच्या दिवशी एका पालकाला मोटरबोटीतून होडीमागे जाता येतं. खारूनं तुझं नाव दिलंय, आणि तुझ्यासाठी भिंतीवर एक वल्हं टांगलंय. रंग तूच दे.

तुझी,
ताई

२५ सप्टेंबर

ती. ताईस,

नमस्कार. सुखरूप पोहोचलो. बार उघडला, लोकांनी शर्यतीचं विचारलं आणि मी दुसरं काही बोलूच शकलो नाही. तिसऱ्या आल्या हे सांगताना मी प्रत्येक वेळी "फक्त हातभर मागे" असं जोडतो. खारूची शिबिराची पिशवी भरायला तिची आई आजपासूनच लागलीय.

आता ते सांगतो जे तिथे बोललो नाही, कारण तिथे कुणी विचारलं नाही.

गाडीत शेजारी एक जुना मित्र भेटला. त्यानं बाटली काढली, मी म्हटलं एक घोट, पोरीच्या नावानं. एकाचे दोन झाले, दोनाचे किती ते मोजलं नाही. स्टेशनवर उतरलो तेव्हा सरळ चालत होतो, नीट बोलत होतो. वास कसा घालवायचा ते माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? होडीघरात आलो. भिंतीवर माझं वल्हं, पात्याला अजून ओला पिवळा रंग, खारूनंच दिलेला. तू रंग मला द्यायला सांगितला होतास, तिला धीर नव्हता. पोरीला जवळून वल्हवताना बघायचं म्हणून मी वर्षभर दिवस मोजत होतो. डॉक्टर मोटरबोटीत बसून हाक मारत होते. कुणालाही कळलं नसतं, ताई.

मी वल्हं काढलं आणि उलटं टांगलं. हाताला पिवळा रंग लागला.

खारू होडी उचलायला चालली होती. तिनं बघितलं. म्हटलं आता ही विचारणार, बाबा, आजच्या दिवशीसुद्धा? तिनं कोपऱ्यातली खरवडणी उचलली, माझ्या हातात दिली, आणि माझ्या कोटाची कॉलर सरळ केली. मग गेली.

बाकी तुला माहीतच आहे. तू धक्क्याच्या एका टोकाला, मी खरवडणी घेऊन दुसऱ्या टोकाला, आणि ती लांबून पाण्यावरून गेली. तोंड आमच्याकडेच होतं. तुला वाटलं नसेल, पण ती हसली.

परत आल्यावर फळीवर पहिल्या आकड्याला मी माझी स्वतःची किल्ली लावलीय. इतकी वर्षं तो आकडा रिकामाच होता.

उजव्या अंगठ्याला फोड आलाय, चांगला मोठा. बायको सकाळपासून विचारतेय, कशानं झालं, कशानं झालं. मी सांगितलं, आमच्या घरात विचारत नाहीत.

तुझा,
धाकटा